परदेशी खुर्द्याचे करायचे काय?

यावलमध्ये परदेशी नाणे घेऊन रुपये देणारा कोणी भेटत नाही. त्यासाठी भुसावळ-जळगावच्या फेऱ्या मारूनही सहसा काही हाती लागत नाही, हे आधीच सांगून टाकतो. डॉलर, रियाल, दिरहमची नोट असेल तर परकीय चलनाचा परवाना असलेल्या दुकानात किंवा बँकेच्या तशा शाखेत ओळखपत्र दाखवून ती बदलून मिळते. नाणे पुढे केले की काउंटरवरचा माणूस ते उलटसुलट करून बघतो आणि परत सरकवतो. यात त्याचा आडमुठेपणा नसतो. नोटेचा धंदा सरळ आहे. आज तुमच्याकडून घेतली, उद्या उमऱ्याला निघालेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकली. नाणी मात्र निवडायची, मोजायची आणि वजनाचे भाडे भरून त्या-त्या देशात पोचवायची. अमेरिकेचे एक सेंटचे नाणे अडीच ग्रॅमचे असते. किलोभर सेंट जमवले तर नाणी होतात ४०० आणि रक्कम होते चार डॉलर. एवढ्यासाठी कोण पोती बांधणार?

तरीही तालुक्यात ही चिल्लर साठतच जाते. फैजपूर, न्हावी, भालोद, साकळी, किनगाव, कुठेही जा, कोणाचा मुलगा अमेरिकेत संगणकात आहे, कोणाचा भाऊ आखातात ड्रायव्हर आहे, कोणी हजहून आलेले, कोणी केळीचा हंगाम चांगला गेला म्हणून सिंगापूर-थायलंड करून आलेले. येताना नोटा मोजून आणतात. नाणी पँटच्या खिशातून येतात, तिथून देवघराच्या खणात किंवा औषधांच्या डब्यात जातात आणि दिवाळीच्या आवरासावरीत दर वर्षी वर येतात. या नाण्यांचे पैसे करायचेच असतील तर माझ्या मते रस्ता एकच आहे: नाणे जिथले, तिथे जाणाऱ्या माणसाच्या हाती ते द्यायचे. नाण्याला इथे बाजार नाही, पण माणसे सारखी जात-येत आहेत. बाकीचे उपाय उरलेल्या नाण्यांसाठी.

पण देण्याआधी निवड करावी लागते, आणि निवडायचे तर नाणे वाचता आले पाहिजे. इथेच बहुतेकांचा गोंधळ उडतो. आखाती नाण्यांवर अंक अरबी वळणाचे असतात. टिंब दिसले तर ते शून्य. आपल्या शून्यासारखे गोल दिसते ते पाच. म्हणजे गोल आणि त्यापुढे टिंब असेल तर ते ५०. इंग्रजी व्ही अक्षरासारखी खूण म्हणजे सात, तीच उलटी केली की आठ, आणि इंग्रजी सातासारखे दिसते ते सहा. गल्लीत उर्दू वाचणारा कोणी असेल तर एका नजरेत सांगेल. संयुक्त अरब अमिरातीचा दिरहम मात्र अंक न वाचताही ओळखू येतो, त्यावर चोचदार कॉफीची सुरई असते.

अंकाहून जास्त फसवते ते साल. सौदी नाण्यावर १४३८ वाचून घरात सहाशे वर्षांपूर्वीचा ठेवा सापडल्याचा आनंद करू नका. ते हिजरी साल आहे, म्हणजे आपले २०१६. त्याच वर्षअखेरीस सौदीने एक आणि दोन रियालची नवी नाणी काढली आणि एक रियालची कागदी नोट हळूहळू मागे पडली. म्हणून आता तिथून येणाऱ्याच्या खिशात नाणी जास्त असतात. थाई नाण्यावर बौद्ध साल असते, त्यातून ५४३ वजा करायचे, २५६० म्हणजे २०१७. नेपाळी नाण्यावर विक्रम संवत, त्यातून साधारण ५७ काढायचे. जपानमध्ये सम्राटाच्या कारकिर्दीचे साल मोजतात, तिथे कारकिर्दीचे पहिले साल म्हणजे १९८९ही असू शकते आणि २०१९ही. आणि एका नाण्याने तर सगळ्या जगाला चकवले आहे. ऑस्ट्रियाच्या राणी मारिया थेरेसाचा चांदीचा थेलर. अरबस्तान आणि पूर्व आफ्रिकेच्या व्यापारात तो इतका रुळला, की राणी गेल्यानंतरही पिढ्यान्‌पिढ्या पाडला गेला, आणि प्रत्येकावर साल एकच, १७८०. नाणे परवा पाडलेले असले तरी तेच. चांदी त्यात खरी असते, वय खरे असेलच असे नाही.

वाचून झाले की मोठी आणि किरकोळ अशी वाटणी करा. देशाच्या नावावर जाऊ नका, किमतीवर जा. अमेरिकेची नाणी बघायला रुबाबदार, पण नेहमीच्या वापरातले सगळ्यात मोठे नाणे पंचवीस सेंटचे. उलट कुवेतचा दिनार जगातले सर्वात महाग चलन आहे आणि एका दिनाराचे १,००० फिल्स होतात. त्यामुळे कुवेतचे १०० फिल्सचे नाणे आपल्या पंचवीस-तीस रुपयांचे असते, अमिरातीचे १०० फिल्स म्हणजे एक दिरहम त्याहून थोडा कमी. नाव दोन्हीकडे फिल्सच, पण कुवेतचा एक दिनार बारा दिरहमांच्या आसपास जातो. ब्रिटनचे एक आणि दोन पौंड, युरोपचे एक आणि दोन युरो, कॅनडा-ऑस्ट्रेलियाचे एक आणि दोन डॉलर, जपानचे ५०० येन, स्वित्झर्लंडचे पाच फ्रँक, ही सारी मोठ्या ढिगात. स्विस पाच फ्रँकचे एक नाणे आजच्या दराने पाचशे रुपयांच्या वर जाते, ते मुलांना खेळायला देऊ नका. सेंट, पेनी, हलाला, सतांग हे किरकोळ ढिगात.

मग मोठ्या ढिगातले कोणते चलन अजून जिवंत आहे ते बघा. ब्रिटनचा जुना गोल पौंड १५ ऑक्टोबर २०१७ नंतर दुकानात चालत नाही, आता बारा कोनांचा चालतो. मात्र लंडनला राहणारा भाचा जुना पौंड तिथल्या आपल्या बँक खात्यात भरू शकतो. युरोची नाणी-नोटा १ जानेवारी २००२ ला हातात आल्या आणि अनेक देशांची जुनी चलने इतिहासजमा झाली. फ्रान्सचा फ्रँक, इटलीचा लिरा, ग्रीसचा द्राख्मा, स्पेनचा पेसेटा यांच्या मुदती कधीच उलटल्या. जर्मनीची गोष्ट वेगळी. तिथली मध्यवर्ती बँक, बुंडेसबँक, जुन्या मार्कची नाणीसुद्धा आजही बदलून देते, मुदत नाही, दर ठरलेला: १.९५५८३ मार्कला एक युरो. ऑस्ट्रियाचा शिलिंग आणि आयर्लंडचा जुना पौंड यांचेही असेच आहे. काकांनी १९८५ साली जर्मनीहून आणलेले पाच मार्क म्हणूनच फेकू नका. अमेरिकेचे कोणतेही जुने नाणे आज रद्द नाही. एक सेंट पाडणे तिने नोव्हेंबर २०२५ मध्ये थांबवले, पण असलेले सेंट चालतात. कॅनडाने आपला सेंट २०१३ मध्येच वाटपातून काढला, तिथल्या बँका तो घेतात.

आता जाणाऱ्याच्या हाती द्यायचे कसे, याचीही रीत आहे. प्रत्येक देशाची वेगळी छोटी पुडी करा, वर देश आणि एकूण रक्कम लिहा. चार देशांची नाणी एकाच रुमालात बांधून दिलीत तर ती दुबईच्या खोलीतल्या खणात जाऊन पडतील, म्हणजे यावलचा डबा दुबईला हलवला एवढेच. मूठभरापेक्षा जास्त देऊ नका. देताना सरळ सांगा, ‘हे तुझ्याकडे खर्च कर, मला हिशेब नको.’ पाचशे रुपयांच्या खुर्द्यासाठी सुनेला परतफेडीची आठवण देण्यात शोभा नाही. पैसे परत हवेच असतील तर येताना मुलांसाठी काहीतरी आण म्हणावे. उमऱ्याला निघालेल्या शेजाऱ्याला रियालची नाणी द्या. त्याला पाण्याच्या बाटलीला, खजुराला, तिथल्या दानाला ती कामी येतात, आणि असे देणे दोन्ही बाजूंना गोड लागते. अमेरिकेत मोठ्या दुकानांत चिल्लर मोजणारी यंत्रे असतात. ती रोख देताना कमिशन कापतात, त्याऐवजी दुकानाचे गिफ्ट कार्ड घेतले तर बहुतेक वेळा कापत नाहीत. लंडनच्या मेट्रो स्थानकांतली तिकीट यंत्रे नाणी घेतात. पोस्टाच्या साध्या पाकिटात नाणी घालून परदेशी पाठवू मात्र नका. आंतरराष्ट्रीय टपालाच्या नियमांत ते बसत नाही, आणि वाटेत पाकीट फाटले तर दाद मागायला जागा नाही.

नेपाळची नाणी पशुपतिनाथाच्या यात्रेतून येतात. ती पुढच्या यात्रेकरूला द्यावीत, नाहीतर ठेवून द्यावीत. आपला एक रुपया म्हणजे त्यांचे १.६० रुपये. जीव अडकावा इतकी रक्कम त्यात नसते.

जुन्या ट्रंकेत परदेशी म्हणून बाजूला काढलेले काही वेळा आपलेच निघते. आखाताच्या बऱ्याच भागात साठच्या दशकापर्यंत भारतीय रुपयाच चालत असे. सोन्याच्या चोरट्या व्यापारामुळे परकीय गंगाजळी गळू लागली, तेव्हा १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने फक्त आखातात चालतील अशा वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. हज यात्रेकरूंसाठीही दहा आणि शंभर रुपयांच्या खास नोटा होत्या, त्यांच्या क्रमांकाआधी एच आणि ए ही इंग्रजी अक्षरे असत. कुवेतने १९६१ मध्ये स्वतःचा दिनार आणला, बहरीनने १९६५ मध्ये. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि बाकीच्या बहुतेकांनीही रुपया सोडला. आजोबा-पणजोबा त्या काळात हजला गेले असतील तर त्यांच्या कागदपत्रांत अशी नोट राहिली आहे का, जरूर बघा. संग्राहक तिच्या शोधात असतात. घडी करू नका, चिकटपट्टी लावू नका, दोन-तीन जाणकारांना दाखवल्याशिवाय पहिल्याने सांगितलेल्या भावाला देऊ नका.

चांदीचेही तेच. अमेरिकेची १९६४ पर्यंतची दहा, पंचवीस आणि पन्नास सेंटची नाणी नव्वद टक्के चांदीची आहेत. ओळखायला साल बघा आणि कड बघा. १९६५ नंतरच्या पंचवीस सेंटच्या कडेला तांब्याची लाल रेघ दिसते, चांदीच्या नाण्याची कड एकसारखी पांढरी असते. जुने नाणे ६.२५ ग्रॅम भरते, नवे ५.६७, हा फरक सराफाच्या काट्यावर लगेच दिसतो. ब्रिटनची १९२० ते १९४६ मधली शिलिंगसारखी पांढरी नाणी निम्म्या चांदीची आहेत. जळगावच्या सराफ बाजारात वजन आणि कस बघून चांदीचा भाव सांगतील, पण सराफ धातूचा भाव सांगतो, नाण्याचा नाही. म्हणून मोडीत घालण्याआधी ते साल संग्राहकाकडे दुर्मीळ आहे का ते विचारून घ्या. आणि घासू नका! चिंच, लिंबू, राख, पितांबरी हे सगळे समईसाठी ठीक आहे. घासून चकाकणाऱ्या नाण्याची किंमत संग्राहकाच्या लेखी उतरते आणि ती पुन्हा चढवता येत नाही. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांतही वर्षानुवर्षे ठेवू नका, त्याने नाण्यांवर हिरवट चिकट थर येतो. साधे कोरडे कागदी पाकीट पुरते.

नाणे शंभर वर्षांहून जुने असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ते परदेशी नेता येत नाही, मग ते कोणत्याही देशाचे असो. अमेरिकेच्या नातवाला असे नाणे भेट म्हणून बॅगेत घालून देऊ नका. शेतात नांगराला किंवा विहिरीच्या खोदकामात जुनी नाणी लागली तर तो विषयच वेगळा, ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागतात. नाण्यांचा अभ्यासच करायचा असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारख्या विद्वानाच्या पुढाकाराने ते १९८० मध्ये उभे राहिले. त्र्यंबकेश्वरला जाताना वाटेवरच पडते.

साध्या जिवंत नाण्यांबाबत कायदा सैल आहे. परदेशी नाणी भारतात राहणाऱ्या कोणालाही कितीही बाळगता येतात. मर्यादा नोटांना आहे. प्रवासातून उरलेल्या नोटा २,००० डॉलरइतक्या जवळ ठेवता येतात, त्यावरच्या परतल्यापासून १८० दिवसांत बँकेत किंवा परवानाधारकाकडे द्याव्या लागतात.

राहिला किरकोळ ढीग, आणि मला खरा रस या ढिगात आहे. तो जिल्हा परिषदेच्या शाळेला द्या. किलोवर विकून जे मिळेल त्यापेक्षा जास्त काम ती नाणी तिथे करतील. ब्रिटनमध्ये २००८ साली मॅथ्यू डेंट नावाच्या तरुणाने काढलेल्या आकृतीची नाणी निघाली. एक पेनीपासून पन्नास पेनीपर्यंतची सहा नाणी घ्या, एकेकावर सिंहाचा पंजा, वीणेचा कोपरा असे तुकडेच दिसतात. ती टेबलावर योग्य जागी मांडत गेले की पुरी राजढाल तयार होते. पाचवीतल्या पोरांपुढे ही सहा नाणी ठेवा आणि काही न सांगता बाजूला व्हा. दुसरा प्रयोग चुंबकाचा. ब्रिटनची तांबड्या रंगाची जुनी पेनी आणि १९९२ नंतरची पेनी दिसायला सारखीच, पण जुनी काशाची म्हणून चुंबकाला दाद देत नाही आणि नवी आतून पोलादाची म्हणून टपकन चिकटते. युरोचे एक, दोन, पाच सेंट चिकटतात. अमेरिकेचा सेंट चिकटत नाही, १९८२ नंतर त्याच्या आत जस्त आहे आणि तांब्याचा नुसता मुलामा. धातूंचा धडा असाही शिकवता येतो. युरोच्या नाण्यांची एक बाजू सगळ्या देशांत सारखी आणि दुसरी ज्याची त्याची, त्यामुळे दहा नाण्यांत युरोपचा अर्धा नकाशा उलगडतो. बालवाडीच्या खोलीत मात्र हा डबा नको, लहान मुले नाणे गिळतात.

दानपेटीत टाकावीत का, असे बरेच जण विचारतात. आडगावच्या मनुदेवीच्या, यावलच्या व्यास मंदिराच्या किंवा मशिदीच्या पेटीत टाकण्यामागे भाव चांगलाच असतो. पण लहान देवस्थानाला ती नाणी बँकेत भरता येत नाहीत, आणि शेवटी ट्रस्टच्या कपाटातही तोच डबा तयार होतो. देवाला रुपयेच द्या. दान करायचेच असेल तर विमानातली सोय चांगली. युनिसेफची ‘चेंज फॉर गुड’ नावाची योजना १९८७ पासून चालू आहे. कॅथे पॅसिफिक, क्वांटास, जपान एअरलाइन्स अशा काही कंपन्यांच्या विमानांत त्यासाठी पाकीट देतात, कोणत्याही देशाची नाणी त्यात घालता येतात, आणि तो पैसा मुलांच्या कामी येतो.

दोन फसवणुकींपासून सावध राहा. जुने नाणे द्या, लाखो घ्या, अशा जाहिराती मोबाइलवर सारख्या येतात. फोन केला की नाणे न बघताच भाव सांगतात आणि मग नोंदणी फी, कर, कमिशन म्हणून आधी पैसे मागतात. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचे नावही वापरले जाते. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले, की अशा व्यवहारांशी तिचा काही संबंध नाही आणि तिने कोणालाही असे पैसे घ्यायचा अधिकार दिलेला नाही. विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही. दुसरी फसवणूक बाजारात, बसस्टँडवर होते. कोणीतरी गरीब चेहऱ्याचा माणूस रियालची एक खरी नोट दाखवतो, असा गठ्ठा सापडला आहे, निम्म्या भावात देतो म्हणतो. ती एक नोट तपासून बघा, खरीच निघते. गठ्ठ्यात वरखाली खऱ्या नोटा आणि मध्ये वर्तमानपत्राचे कापलेले कागद असतात. परवाना नसलेल्या माणसाकडून परकीय चलन घेणे मुळात बेकायदेशीर आहे, त्यामुळे फसल्यावर पोलिसांत जायलाही माणूस कचरतो. फसवणाऱ्याला हे चांगले ठाऊक असते.

आणि जे अजून निघालेले नाहीत त्यांच्यासाठी: शेवटचे दोन दिवस नोट मोडूच नका. हॉटेलचे बिल, टॅक्सी, विमानतळावरचा चहा, जिथे चालेल तिथे आधी सगळी नाणी द्या आणि उरलेली रक्कम कार्डाने भरा. दुकानदाराला त्यात नवे काही नसते. सुरक्षा तपासणीला खिशातली चिल्लर ट्रेमध्ये मोकळी टाकू नका, बॅगेच्या कप्प्यात बंद करा. अमेरिकेच्या विमानतळांवर २०१९ या एका आर्थिक वर्षात प्रवाशांनी तपासणीच्या जागी विसरलेले पैसे ९ लाख २६ हजार डॉलर भरले, आणि कोणी मागायला न आल्याने ते तिथल्या सुरक्षा खात्याकडेच राहिले.